चिंचोके आणि ट्रिक नंबर चौदा: नवोदयच्या तयारीतल्या एका मुलाचं प्रकरण

मी मराठवाड्यातल्या एका झेडपी शाळेत शिकवते, चौथी-पाचवी बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. हे प्रकरण माझ्या वर्गातल्या एका मुलाचं. नाव, गाव, तालुका देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय.

लिहायचं कारण असं की नवोदयचा, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की गावात दोनच प्रकारची मुलं उरतात, लागलेली आणि न लागलेली, आणि जो लागला तो हुशार, नाही लागला तो नाही, असा हिशोब लगेच होऊन जातो, चौकात फ्लेक्स लागतात, मोबाईलवर स्टेटस फिरतात. आणि आमच्या शिक्षकांमध्ये याच्या बरोबर उलटं बोललं जातं, की क्लास लावून लागलेलं पोरगं काही खरं हुशार नसतं, ते घोटून तयार केलेलं असतं. मला ही दोन्ही बोलणी पटत नाहीत. आधी दुसरं बऱ्यापैकी पटायचं, या मुलानंतर तेही सुटलं.

आधी मुलगा कसा होता ते

तो तिसरीत असतानाची गोष्ट. मार्च महिना, दुपारची सुट्टी, मुलं वऱ्हांड्यात चिंचोके खेळत होती. हा एकटाच कोपऱ्यात बसून फरशीवर काहीतरी लावत होता. आधी एक चिंचोका. त्याच्या उजवीकडे आणि खालून कोपरा करून तीन. मग त्या चौकोनाला तसाच कोपरा, पाचाचा. मग सात. असं करत करत त्याने चांगला मोठा चौकोन केला होता आणि मग माझ्याकडे आला, म्हणाला मॅडम मला अजून तीन पाहिजेत.

मी म्हटलं तीनच कशाला रे?

"पुढच्या कोपऱ्याला तेरा लागतात ना, माझ्याकडे दहाच उरलेत."

"तेरा लागतात हे तुला कोणी सांगितलं?"

"दर वेळी दोन वाढतात की. आता अकरा लावले. तेरा लावले की सात ओळी सात सात होतील, एकोणपन्नास."

तिसरीच्या मुलाला वर्गसंख्या शिकवलेली नसते. विषम संख्या एकापासून ओळीने मिळवत गेलं की दर वेळी वर्गसंख्या येते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने चिंचोक्यांकडे बघून काढलं होतं. मी त्याला माझ्या टेबलावरचे तीन खडूचे तुकडे दिले, त्याने ते चिंचोक्यांच्या जागी लावले आणि घंटा होईपर्यंत तिथेच बघत बसला.

पण हाच मुलगा वर्गात पुढे होता असं अजिबात नाही. अक्षर गिचमिड, बाराच्या पुढचे पाढे डळमळीत, शुद्धलेखनाचा आनंदच. आणि फार सावकाश. एका उदाहरणात अडकला की तास संपेपर्यंत तिथेच, बाकीची मुलं दहा सोडवून मोकळी. पहिल्या तिनात त्याचा नंबर कधी आला नाही.

घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, वडील दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. चुलत भाऊ नवोदयला लागला होता आणि आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे घरात नवोदय हा शब्द देवाच्या नावासारखा. वडिलांना चिंचोक्यांचं मीच कौतुकाने सांगितलं होतं. पोराचं डोकं चालतंय, लक्ष द्या, असं मी त्यांना म्हणाले होते. त्यांनी लक्ष दिलं. पुढचं सगळं त्या माझ्या वाक्यापासून सुरू झालं, हे मला इथे लिहायलाच हवं.

नवोदय एवढं का

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयं आली, सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीतली, दुसरी हरियाणात झज्जरला. कल्पना अशी की खेड्यातल्या हुशार मुलाला आईबापाची ऐपत न बघता चांगलं शिक्षण मिळावं. सहावी ते बारावी, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारकडून. जिल्ह्यात साधारण एक शाळा, सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. पाचवीत असताना परीक्षा, आणि सहावीच्या प्रवेशासाठी ती आयुष्यात एकदाच देता येते. दुसरा चान्स नाही.

तीन एकर कोरडवाहू असलेल्या बापाला यात काय दिसत असेल ते वेगळं सांगायला नको. शहरातल्या कुणी म्हटलं की कशाला एवढा जीव टाकतात तर मला राग येतो. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांवर २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कटऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं पुढे मार्कांत जवळपास सारखीच निघाली. वाचून मला बरं वाटलं होतं, पण मी ते या बापाला कधीच सांगितलं नाही, कारण तिथे न लागलेल्या मुलाला दुसरी बरी शाळा असते, इथे सात वर्षांचं जेवण आणि राहणं सुद्धा त्या एका परीक्षेवर आहे.

क्लास

पाचवीच्या जूनमध्ये त्याला तालुक्याला नवोदयच्या बॅचला घातलं. आधी शाळा सुटल्यावर जीपने जायचा, रात्री आठ-साडेआठला परत. दिवाळीनंतर क्लासच्याच हॉस्टेलला. फी ६०,००० रुपये, त्या वर्षीच्या सोयाबीनचे सगळे आणि वर काही उसने. नाव मात्र आमच्याच शाळेत, कारण ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागते. म्हणजे कागदावर मूल माझ्या वर्गात आणि प्रत्यक्षात तालुक्याला. आजूबाजूच्या किती शाळांत हे चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी हजेरी खोटी लावणार नाही म्हणाले, त्यावरून बरंच झालं, शेवटी आठवड्यातून तीन दिवस शाळेत पाठवायचं ठरलं, आणि वडील काही दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

डिसेंबरमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीत मी त्याची क्लासची वही बघितली. वही सुंदर होती. अक्षर सुधारलेलं, समास सरळ, आणि पानापानावर लाल शाईत चौकटी, ट्रिक नंबर १, ट्रिक नंबर २, अशा. मी सहज विचारलं, एक ते एकोणीसपर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज किती? माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणाला शंभर.

"कसं काढलंस?"

"ट्रिक नंबर चौदा. किती संख्या आहेत ते मोजायचं आणि त्याला त्यानेच गुणायचं."

"पण असं का येतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "का म्हणत बसलं की वेळ जातो मॅडम. क्लासचे सर म्हणतात का हे परीक्षेत विचारत नाहीत."

मी त्याला चिंचोक्यांची आठवण करून दिली. वऱ्हांडा, कोपरे, खडूचे तुकडे, सगळं. त्याला ते आठवत होतं, पण त्याचा या ट्रिकशी काही संबंध आहे असं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणाला, "ते तर मी खेळत होतो."

त्याने स्वतः शोधलेली गोष्ट दोन वर्षांनी त्याला लाल चौकटीत नंबर घालून परत मिळाली होती आणि त्याने ती ओळखली नव्हती. मी बरीच मुलं क्लासला गेलेली बघितली, पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तरी क्लासच्या बाजूनेही लिहिते, नाहीतर हे अर्धवट होईल. त्याचे पाढे तीसपर्यंत पक्के झाले होते. अपूर्णांकांत माझ्याकडे वर्षभर अडखळत होता, तिथे ते दोन महिन्यांत सुटले, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगले शिकवले हे मी मान्य करते. शिवाय या परीक्षेत ८० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एका उदाहरणावर तासभर बसणाऱ्या मुलाला वेगाची सवय लावली नसती तर तो निम्म्या पेपरवरच थांबला असता. म्हणजे क्लास चूक करत नव्हता, परीक्षा जे मागते तेच देत होता.

आकृत्यांचा भाग

इथे थोडं थांबून परीक्षेबद्दल लिहायला हवं, कारण खरी गोम इथे आहे. पेपर १०० गुणांचा. अंकगणित २५, भाषा २५, आणि उरलेले ५० मानसिक क्षमता चाचणीचे, चाळीस प्रश्न, सगळ्या आकृत्या. गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे दहा प्रकार. शब्द जवळपास नाहीतच. हेतू चांगला होता, ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, ज्याची भाषा पुस्तकातली नाही, त्यालाही बरोबरीने बसता यावं. ब्रिटनमध्ये जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये आकृत्यांची चाचणी काढली तेव्हापासून ही समजूत चालत आलीय की आकृतीतून बुद्धी दिसते, शिकवणी दिसत नाही.

पण ते खरं केव्हा, तर मूल ती आकृती पहिल्यांदा बघत असेल तेव्हा. नवीन प्रश्नापुढे मूल काय करतं हे त्यातून कळायचं. चाळीस सराव पेपर सोडवलेल्या मुलाला त्यात नवीन काय उरतं? तो विचार करत नाही, ओळखतो, हा अमुक प्रकार, याची ही ट्रिक. म्हणजे पेपरचा जो अर्धा भाग गरिबाच्या पोराला बरोबरीने बसवायला ठेवला होता तोच सरावाने सगळ्यात लवकर हातात येतो, आणि जिथे सराव विकत मिळतो तिथे तोच भाग विकत मिळतो.

हे मला माझ्याच वर्गात समोरासमोर दिसलं. याच्याच वर्गात एक मुलगी होती, आई रोजंदारीवर, क्लासचा प्रश्नच नाही, तिचा फॉर्म मीच भरला होता. मी दोघांना घडीच्या कागदाचा एक प्रश्न दिला. याने तीन सेकंदात सांगितलं, घड्या दोन, छिद्र एक, म्हणजे चार छिद्रं, पर्याय क. त्या मुलीने वहीचं मागचं पान फाडलं, घडी घातली, कंपासच्या टोकाने भोक पाडलं, उलगडून उजेडाला धरलं आणि म्हणाली मॅडम चार पडली. मग मी दुसरा दिला, त्यात दुसरी घडी तिरकी होती आणि छिद्र अशा जागी होतं की ते सगळ्या थरांतून जात नव्हतं. हा पुन्हा चार म्हणाला. मुलगी पान फाडून दोन म्हणाली. आणि मग स्वतःच म्हणाली, "परीक्षेत कागद फाडू देत नाहीत ना?" मी नाही म्हणाले. त्या आठवड्यात मी तिला डोळे मिटून घडी घालायला शिकवत होते, म्हणजे मीही तिला ट्रिकच देत होते, फक्त उशिरा आणि फुकट.

दिवाळी ते जानेवारी

या काळाबद्दल मला जास्त लिहवत नाही. त्याच्या आईने एकदा शाळेच्या मागे नेऊन हळूच सांगितलं की हॉस्टेलवर अंथरूण ओलं होतंय, पाच वर्षांचा झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. रविवारी टेस्ट असायची, टेस्टचे मार्क पालकांच्या ग्रुपवर नंबरवारीने पडायचे, शनिवारी रात्री त्याचं पोट दुखायचं. वडील मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. एवढंच म्हणायचे की बाबा तू फक्त अभ्यास कर, बाकी मी बघतो. पण पोराने घरात पैशांचं बोलणं ऐकलेलं होतं. एकदा वर्गात सगळे गेल्यावर त्याने मला विचारलं, "मॅडम, मी नाही लागलो तर साठ हजार वाया जातील का?"

मी म्हणाले नाही रे, शिकलेलं वाया जात नाही. त्याने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी परीक्षा झाली. माझ्या वर्गातून तिघे बसले, हा, ती मुलगी, आणि याच्याच क्लासमधला आणखी एक मुलगा. मुलगी बाहेर आली ती रडतच, उत्तरपत्रिकेवर मधला एक प्रश्न सोडला आणि पुढचे गोल एक एक घर वर काळे करत गेली, शेवटी कळलं तेव्हा वेळ नव्हता. हा बाहेर आला आणि म्हणाला सोपा होता.

निकाल लागला. तिसरा मुलगा लागला. हे दोघं नाही.

निकालाने काय सांगितलं

लागलेल्या मुलाबद्दल आधी, कारण त्याला कुणी कमी लेखू नये. तो शांत, नेमका, सांगितलेलं रोज करणारा मुलगा आहे, वर्षभर त्याने एकही दिवस चुकवला नाही. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रतिभेबद्दल मांडलं की नुसती वरची बुद्धी पुरत नाही, कल्पकता लागते आणि कामाला चिकटून राहणंही लागतं. चिकटून राहणं या मुलात भरपूर आहे आणि ते क्लासने दिलेलं नाही, ते त्याचं आहे. म्हणून क्लास लावला म्हणजे खरा हुशार नाही हे बोलणं मी आता करत नाही. क्लासला तर दोघंही जात होते.

आणि जो लागला नाही त्याच्याबद्दल तो निकाल काय सांगतो? एका प्रश्नाला सव्वा गुण. ८० जागा, त्यात ग्रामीण, मुली, वेगवेगळे प्रवर्ग अशी वाटणी. यादीत शेवटचा आलेला आणि त्याच्या खाली पहिला राहिलेला यांच्यात कित्येकदा एका गोलाचाच फरक असणार. आपला मुलगा त्या रेघेच्या जवळ होता की लांब हेही घरच्यांना कळलं नाही, त्यांना फक्त निवड झाली नाही एवढं कळलं. आणि तेवढ्यावर वडील मला म्हणाले, "तुम्ही उगं म्हणत होता मॅडम. पोरगं हुशार नव्हतंच आपलं."

हे वाक्य त्याच्यासमोर बोललं गेलं.

माझं म्हणणं इतकंच आहे. त्या पेपराने त्या दिवशी, त्या दोन तासांत, त्या मुलाला किती सराव होता आणि तो किती घाबरला होता हे मोजलं. त्याच्यात काय आहे ते तिसरीतल्या वऱ्हांड्यात दिसलं होतं, जिथे घड्याळ नव्हतं आणि प्रश्न त्याचा त्यानेच काढला होता. आणि तेच मी वडिलांना अशा शब्दांत सांगितलं की त्यांना त्यातून परीक्षाच ऐकू आली. पोराचं डोकं चालतंय म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुठली परीक्षा हाच असतो. आता मी तसं सांगत नाही. पालकांना वर्गात बोलावते, बाजूला बसवते आणि मूल काय करतंय ते अर्धा तास बघू देते.

नंतर

आमची शाळा सातवीपर्यंत आहे, तो सहावीला आमच्याकडेच राहिला. जून-जुलैमध्ये फळ्यावर काहीही लिहिलं की वाचायच्या आधी म्हणायचा मला नाही येत. सहावीचे वर्गशिक्षक चांगले आहेत, त्यांच्याशी बोलून शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याला, त्या मुलीला आणि आणखी चार जणांना थांबवायला लागले. एकच प्रश्न, वेळ हवा तेवढा, वस्तू हव्या त्या घ्या, कागद फाडायचा असेल तर फाडा. मार्क नाहीत, वही नाही. पहिले पाच शनिवार तो खिडकीजवळ बसून राहिला. मी काही बोलले नाही, फक्त बसायची जागा बदलायला सांगितली नाही.

सहाव्या की सातव्या शनिवारी मुलगी म्हणाली की चिंचोके त्रिकोणात लावले, एक, मग दोन, मग तीन, मग चार, तर त्यातून चौकोन कधीच होत नाही. हा खिडकीतूनच म्हणाला, होतो. ती म्हणाली दाखव. तो उठला, डबा घेतला, सहाचा एक त्रिकोण केला, दहाचा एक केला, आणि दहाच्या त्रिकोणाला सहाचा उलटा करून चिकटवायला लागला. बराच वेळ जमेना, ओळी वाकड्या व्हायच्या. मग दोन्ही त्रिकोण मोडून पायऱ्यांसारखे लावले आणि झाला, चार चार. मुलगी म्हणाली एकदा झाला म्हणून काय, पंधराचा करून दाखव. मी दोघांना तिथेच सोडून आले, चावी शिपाईमामांकडे दिली.

पाचवीच्या मुलांना मी आता शाळेतच नवोदयचा सराव देते, सप्टेंबरपासून, आठवड्यात दोन दिवस, उत्तरपत्रिकेचे गोल कसे भरायचे ते सुद्धा, कारण त्या मुलीचं जे झालं ते माझ्या न शिकवण्यामुळे झालं. ट्रिकही शिकवते. पण आधी वस्तू, मग ट्रिक, आणि ट्रिकला नंबर द्यायचा नाही, मुलांनी नाव द्यायचं. ट्रिक नंबर चौदाला सध्याच्या वर्गाने कोपऱ्याची बेरीज म्हणायचं ठरवलंय.

गेल्या आठवड्यात त्याचे वडील आले होते. त्यांना कुठून तरी कळलंय की नवोदयला नववीत रिकाम्या जागा असल्या तर आठवीच्या मुलांची परीक्षा होते, आणि आठवीला एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्तीही असते, वर्षाला १२,००० रुपये. दोन्ही खरं आहे. त्यांनी विचारलं, आतापासून क्लास लावू का, यावेळी दुसरा बघितलाय, फी कमी आहे. मी म्हणाले त्याला विचारा. ते म्हणाले त्याला काय कळतं मॅडम. मी म्हणाले, मग या शनिवारी तुम्ही या, दोन वाजता, तो काय करतो ते बघा आणि मग ठरवू, मीही तुमच्याबरोबर ठरवेन. टेम्पोची फेरी आहे म्हणाले, बघतो जमलं तर.